कानाला लावून बघितलेला कागद

भादवा सरत आला की कर्जतची सकाळ पिळून न वाळलेल्या फडक्यासारखी होते. पाऊस पडत नाही, पण उघडतही नाही. उल्हास नदीवरनं धुकं उठतं, बाजारातल्या पत्र्यांवर येऊन बसतं आणि तिथनं येणाऱ्याजाणाऱ्याच्या मानेवर थेंब थेंब पडत राहतं. मिठाची बरणी पाझरते, आगपेटीची काडी गुल झडेस्तोवर घासली तरी पेटत नाही, दारं चौकटीत अडकून बसतात. आणि कागद तर मुळातच पिणाऱ्या जातीचा. हवेत ओल असली की तो पितो आणि मग लोळत पडतो.

म्हणून सफुराचाची सकाळी छापखान्याचं शटर वर केलं की आधी झाडू हातात घेत नाही. आधी कागदाच्या गठ्ठ्यातनं एक ताव काढते, दोन टोकांना धरून कानाजवळ नेते आणि हलवते. ताव खडखड वाजला तर मशीन सुरू. नुसताच फडफडला तर पंखा सुरू, आणि मशीन चहा झाल्यावर.

"आज बोलत नाय मेला," त्या दिवशी ती म्हणाली आणि पंख्याचं बटण दाबलं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. मंडळांची पावतीपुस्तकं छापून व्हायची होती. एकेका मंडळाचा एकेक कार्यकर्ता दिवसातनं दोनदा डोकावून जात होता. सफुरा रॉकेलच्या बोळ्यानं रोलर पुसत प्रत्येकाला तेच उत्तर देत होती, "देवी यायच्या आत देते. देवीला घाई नाय, तुलाच हाय."

चाळिशी केव्हाच ओलांडलेली, अंगानं थोराड, डोक्यावरची ओढणी कानामागे खोचलेली, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही समोरच्या किराणावाल्याशी तिच्या गप्पा होतात. माहेर श्रीवर्धनकडचं. लग्न होऊन आली तेव्हा हा छापखाना सासऱ्यांचा होता आणि तिला छापण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा हारून माणूस लाखातला, पण एका जागी बसवेल तर शपथ. स्कूटरवर माल पोचवायला गेला की वाटेतल्या प्रत्येक टपरीवर त्याला कुणीतरी भेटतंच. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा मशीनजवळ कुणीतरी उभं राहायला हवं होतं. सफुरा उभी राहिली. म्हातारा खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरनं सांगायचा, सून करायची. कागद कानाला लावायची खोड त्याचीच. त्याला दिसत नव्हतं म्हणून तो ऐकायचा. तिला दिसतं, तरी ती ऐकते.

त्या सकाळी पंख्यासमोर कागद सुकत होता तेवढ्यात सहदेव फौजी दारात आला. फौजेतनं निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चालतो अजून परेडला चालल्यासारखा. पळसदरीच्या वाटेवर एक बंद पडलेली भातगिरणी त्यानं भाड्यानं घेतली आहे आणि तिथं तो पोरापोरींना एअर रायफल चालवायला शिकवतो. जिथं भात सडलं जायचं तिथं आता दहा मीटरवर टार्गेटं टांगलेली असतात. त्याच्यामागे नम्रता उभी होती. कशेळ्याच्या पलीकडच्या गावातली शेतकऱ्याची पोर, कॉलेजात शिकणारी. पहाटे जीप पकडून कर्जतला येते, कॉलेज करते, मग फौजीच्या स्कूटरवर मागे बसून गिरणीत जाते आणि खांदा भरून येईस्तोवर नेम धरते.

"वहिनी, काम घेऊन आलोय," सहदेव म्हणाला.

"पावतीपुस्तकं सोडून काय बी सांगा फौजीभाऊ. पावतीपुस्तकांनी जीव खाल्लाय."

सहदेवनं पिशवीतनं एक जुनं टार्गेट काढून टेबलावर ठेवलं. पांढरा कागद, मधे काळा गोल, त्यात एकात एक पातळ वर्तुळं. काळ्याच्या कडेला एक भोक होतं. भोक कसलं, फाटका खिसाच. चारी बाजूनं कागद उसवून तंतू बाहेर आले होते.

"ही उंदरानं खाल्ल्यावानी काय हाय?" सफुरानं विचारलं.

नम्रता एक पाऊल पुढे आली. ती म्हणाली, "माझी गेल्या वर्षाची गोळी हाय ती, चाची."

मग सहदेवनं सगळं सांगितलं. राज्याच्या स्पर्धेला जायचं तर आधी इथल्या स्पर्धेत ठरलेले गुण पडावे लागतात. गेल्या वर्षी नम्रता त्या गुणांच्या अगदी उंबऱ्यावर होती. छर्रा वरच्या वर्तुळाच्या रेघेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. पण कागद ओला, मऊ. छर्रा गेला तो रेघच फाडून गेला. शिवला की नाही ते कुणालाच सांगता येईना. वाद झाला, दोन्हीकडचे शिक्षक भांडले, चहा येऊन थंड झाला. शेवटी खालचा गुण धरला. तेवढ्या वेळात पोरीचे हात गार पडले आणि पुढचं सगळं टार्गेट वाया गेलं. खोपोलीची हर्षला पुढे गेली, नम्रता घरी आली.

"आणि या वर्षानंतर ही ज्युनिअर गटात बसत नाय," सहदेव म्हणाला. "या वर्षी स्पर्धा आपल्या गिरणीत हाय. कर्जत, खालापूर, सगळ्यांची पोरं येणार. टार्गेटं आपण द्यायची. गेल्या वर्षी जिथनं मागवली तिथं विचारलं तर तोच कागद हाय म्हणतात. म्हणलं, कागद कळणारं माणूस गावात असताना..."

सफुरानं ते टार्गेट उचललं, भोकावर बोट फिरवलं, आणि सवयीनं कानाजवळ नेऊन हलवलं. काहीच वाजलं नाही.

"मुका हाय," ती म्हणाली. मग नम्रताकडे वळली. "हे बघ गं. तू जिंकशील का हरशील ते मला कळत नाय. पण या वर्षी तुझं काय व्हायचं ते तुझ्या हातानं होईल. कागदानं नाय व्हायचं. जबान देते."

पलीकडे हारून स्कूटरवर गठ्ठा बांधत होता. तो म्हणाला, "जबान देऊन टाकली बघा. आता घरी जेवण नाय शिजायचं."

"गेले दोन दिवस तुमीच आमटी बिघडवताय, मी नाय," सफुरा म्हणाली, आणि कामाला लागली.

पहिल्या झटक्यात ती चुकली, आणि चांगलीच चुकली. माळ्यावर लग्नपत्रिकांचं कार्ड पडून होतं. जाड, कडक, मोत्यासारखी चमक असलेलं. श्रावण-भादव्यात लग्नं नाहीत, कार्ड नुसतं बसून होतं. तिला वाटलं, यापेक्षा भारी काय असणार? काळा गोल छापला, वर्तुळं ओढली, आणि स्वतः हारूनच्या स्कूटरवर बसून गिरणीत घेऊन गेली. चेहरा असा की पोरीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला निघालीय.

नम्रतानं एक कार्ड टांगलं. नेम धरला. बराच वेळ धरला. मग रायफल खाली घेतली, डोळे चोळले, पुन्हा धरला. छर्रा सुटला. कार्ड जवळ आणलं तर भोकाभोवती कार्डाचा वरचा चकचकीत पापुद्रा तडकून चांदणी झाली होती.

सहदेवनं घसा खाकरला. "वहिनी, कार्ड झकास हाय. पण नेम धरला की डोळ्यात चमकतंय. आणि हे वरचं साल उडालं."

"आणि यावर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' छापायचं राहिलं," हारून म्हणाला. "नवऱ्यामुलीला गोळी घातली तुमी."

नम्रतानं तोंडावर हात घेतला, पण हसू बोटांमधनं बाहेर आलंच. सफुराही हसली, पण तिचं डोकं दुसरीकडेच चालू होतं.

"आण ती बंदूक इकडं," ती म्हणाली.

"चाची, तुमी?"

"मग? ज्याला कपडा शिवायचा त्याचं माप नको घ्यायला? तुला काय दिसतं ते मला बघू दे."

सहदेवनं तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं. सफुरानं ओढणी कमरेला खोचली. रायफल जड होती. "धरायची कशी ही? बाळासारखी?"

"बाळासारखी बी नको आणि तांदळाच्या गोणीसारखी बी नको," सहदेव म्हणाला. "गाल टेकवा. एक डोळा मिटा. आता त्या बारीक भोकातनं बघा."

सफुरानं बघितलं आणि बघतच राहिली. त्या बारीक भोकात काळा गोल तरंगत होता, तव्यावर तेलाचा थेंब फिरावा तसा. आणि त्याच्या कडेला, चकचकीत कार्डावर दिव्याचा उजेड पडून, पांढरं सांडल्यासारखं दिसत होतं. काळा कुठं संपतो तेच कळेना.

"आगं बया," ती हळूच म्हणाली. "काळ्याच्या कडंला पांढरं उतू चाललंय की."

घोडा दाबला. छर्रा गेला तो सरळ शेजारच्या टार्गेटात.

"शेजारणीला लागली," हारून म्हणाला.

"तुमी जवळ उभे राहू नका म्हणजे झालं," सफुरानं रायफल परत देत म्हटलं. पण त्या एका गोळीत तिला जे कळलं ते तिनं परतीच्या वाटेवर हारूनच्या पाठीमागनं ओरडून ओरडून सांगितलं. या कागदाला दोन नोकऱ्या हायत. गोळी सुटायच्या आधी तो डोळ्याचा नोकर. चमकता नाय कामा, फार पांढरा नाय कामा. आणि गोळी गेल्यावर तो पंचाचा नोकर. फाटता नाय कामा, कातरता पायजे. एका कागदानं दोन्ही करायचं. "म्हंजे तुझ्यासारखा," हारून म्हणाला, "घरची बी नोकरी, छापखान्याची बी." यावर तिनं त्याला काय केलं ते स्कूटर जरा हेलकावली त्यावरनं मागच्या टेंपोवाल्यानं ताडलं असणार.

मग सुरू झाला सफुराचा आठवडा. घरात, छापखान्यात, हाताला जो जो कागद लागेल त्याच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येकावर साधा काळा गोल छापायचा आणि संध्याकाळी नम्रताच्या पिशवीत घालायच्या. नम्रता सराव संपला की एकेक पट्टी टांगायची, गोळी मारायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची. पट्ट्यांना त्यांची कागदवाल्याकडची नावं नव्हतीच. सफुरानं दिलेली नावं चालायची. वह्यांचा कागद तो शाळेवाला. मिठाईच्या खोक्याचा तो हलवाई. कॅलेंडरचा गुळगुळीत तो नटवा.

"शाळेवाला कसा निघाला?" सफुरा विचारायची.

"लुळा. भोक पडतंय आणि परत मिटतंय."

"आणि हलवाई?"

"वरनं चांगला हाय, चाची, पण मागच्या बाजूनं फाटतोय. आणि करडा रंग, काळा उठत नाय."

"नटवा?"

"नटव्याचं नाव नका काढू. डोळ्यात पाणी आलं."

सफुरा प्रत्येक भोक उजेडाकडे धरून बघायची. बोटाच्या टोकानं कड चाचपायची. गुळगुळीत लागली तर मान हलवायची, तंतू लागला तर पट्टी बादलीत. पावतीपुस्तकांवाले आले की त्यांनाही धरून दाखवायची. एकानं विचारलं, "चाची, आमचं मंडळ काय बंदुका घेऊन पूजा करणाराय व्हय?" ती म्हणाली, "तुझं पुस्तक उशिरा झालं तर तू आणशीलच की. तयारीत राहिलेलं बरं."

शेवटी जो कागद सापडला तो माळ्याच्या तळाशी होता. गावातल्या एका प्रसूतिगृहासाठी तिनं पूर्वी बाळांच्या लसीची कार्डं छापली होती. त्यातलं उरलेलं कार्ड. फिकट पिवळसर, चिकाच्या दुधासारखं. अंगाला चमक नाही. वाकवलं तर वाकतं, मोडत नाही. आया ते पावसापाण्यात पदरात गुंडाळून नेतात, त्यावर दूध सांडतं, पोरं चावतात, तरी दोन-तीन वर्षं टिकतं. सफुरानं एक कार्ड कानाजवळ हलवलं. थाळीवर चमचा आपटावा तसा खणखणीत आवाज आला.

"हा बोलतोय बघ," ती म्हणाली. "बाळवाला."

दुसऱ्या दिवशी नम्रता पट्टी घेऊन आली तीच पळत. छापखान्याच्या पायरीवरनंच ओरडली, "चाची, बाळवाला!" तिनं पट्टी दिव्यासमोर धरली. भोक असं गोल की दिव्याचा कवडसा टेबलावर नाण्यासारखा पडला. कड कातरलेली. रेघेला कुठं शिवलं, कुठं नाही, ते लहान पोरानंही सांगावं.

सफुरानं मुंबईहून तोच कागद मागवला, पावतीपुस्तकं एका दिवसासाठी बाजूला सारली, मंडळवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि टार्गेटं छापली. काळी शाईसुद्धा तिनं चमक मारून घेतली, म्हणजे वाळल्यावर ती काजळासारखी मंद दिसेल. छापून झाली तसे गठ्ठे केले, प्लास्टिकमध्ये गच्च बांधले, चिकटपट्टी मारली आणि हारूनकरवी गिरणीत पोचवले. स्पर्धेला एक दिवस बाकी होता. ती मोकळी झाली.

कर्जतच्या माणसाला जूनपासून दसऱ्यापर्यंत हात लावील ते प्लास्टिकात घालायची सवय. दप्तर प्लास्टिकात, पाकीट प्लास्टिकात, मोबाइल प्लास्टिकात, म्हाताऱ्याचं डोकंसुद्धा प्लास्टिकात. पाऊस नसला तरी. ही सवयच तिला नडली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी सहदेवचा फोन आला. "वहिनी, जरा येऊन जाता का?" आवाज फौजीचा नव्हता.

सफुरा गेली. नम्रतानं गठ्ठ्यातली कार्डं टांगून सराव केला होता. भोकांच्या कडेला लव आली होती, म्हशीच्या कानाला असते तशी. अगदी गेल्या वर्षीसारखं वाईट नव्हतं. पण तो कवडसा गेला होता.

"तोच कागद हाय," सफुरा म्हणाली. "मी माझ्या डोळ्यानं मशीनवर चढवलाय."

"चालतंय वहिनी," सहदेव म्हणाला. "गेल्या वर्षीपेक्षा लाख पटीनं बरं हाय. उद्या सकाळी स्पर्धा. आता काय करणार? कुणाच्या लक्षात बी येणार नाय."

नम्रतानं स्वतःचे दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, थंडीत घासतात तसे.

सफुरानं ते बघितलं. मग गठ्ठ्यातलं एक कार्ड उचललं आणि कानाजवळ हलवलं. कार्ड बोललं नाही. तिनं प्लास्टिकची पिशवी हातात घेऊन आतनं बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ती मटकन खाली, भाताच्या जुन्या जात्यावर बसली.

"माझीच अक्कल गेली," ती सगळ्यांसमोर, नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली. "धुक्याच्या दिवसात छापली, शाई ओली, कागद ओला, आणि वरनं गच्च बांधली. अंड्यावर कोंबडी बसवावी तशी. आतल्या आत घामेजली सगळी. कागदाची चूक नाय, फौजीभाऊ. बांधणारणीची हाय."

"अहो, पण आता..."

"आता काय आता? जबान कुणी दिली? माझ्याच तोंडानं ना? मग चुकली बी मीच, निस्तरीन बी मीच. उचला ते गठ्ठे."

"नेणार कुठं?" हारूननं विचारलं. "ऊन कुठाय?"

सफुरा बाहेर येऊन उभी राहिली. आभाळ पत्र्यासारखं. माथेरानचा डोंगर दिसतच नव्हता. असल्या हवेत कोण काय सुकवतं? तिनं एकेक घर, एकेक दुकान डोळ्यांपुढं आणलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"झैदची भट्टी," ती म्हणाली.

झैद तिचा भाचा. बाजारात त्याची बेकरी आहे. भट्टीच्या वर लाकडी माळा आहे आणि त्यावर टोस्ट कडक व्हायला ठेवतात. बाहेर कितीही ओल असू दे, त्या माळ्यावर कायम चैत्र असतो. झैदनं मावशीला गठ्ठे घेऊन येताना बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, टोस्ट हायत वर."

"टोस्टांना आज सुट्टी."

"लोकांना काय सांगू उद्या?"

"सांग, मावशी आली होती. सगळ्यांना कळेल."

दुपारभर ती त्या माळ्यावर होती. टोस्टांच्या जाळ्यांवर कार्डं एकेक पसरायची, एकावर एक येऊ द्यायची नाहीत, उलटायची, पुन्हा पसरायची. घामानं ओढणी अंगाला चिकटली. नम्रता खालनं कार्डं देत होती, हारून चहा देत होता आणि झैद मधूनमधून टोस्टांची आठवण देत होता. वाळलेली कार्डं वाकली तर तिनं बिस्किटांच्या ट्रेखाली दाबून सरळ केली. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं एक कार्ड कानाजवळ नेलं.

खाली नम्रता मान वर करून उभी होती. "बोललं का, चाची?"

"बोललं. वरनं नानकटाईचा वास बी येतोय."

या खेपेला प्लास्टिक नाही. सफुरानं घरातनं दोन सुती ओढण्या आणल्या, गठ्ठे त्यात सैल बांधले आणि गिरणीत नेऊन मोकळ्या फळीवर उघडेच ठेवले. "ह्यांना इथली हवा खाऊ दे," तिनं सहदेवला बजावलं. "कागद बी माणसासारखा. नव्या जागी आल्या आल्या कामाला लावला तर बिघडतो. आणि फौजीभाऊ, प्लास्टिक दिसलं मला उद्या, तर टार्गेटाच्या जागी तुमालाच टांगीन."

स्पर्धेच्या सकाळी गिरणी गजबजली. खोपोलीहून पंच आले होते, येसाजी सर, निवृत्त व्यायामशिक्षक. खिशात भिंग आणि भोकात घालून बघायची बारीक पितळी खिट्टी. त्यांनी पहिलं कार्ड हातात घेतलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

"सहदेवराव, हा वास कसला?"

"नानकटाईचा, सर."

"अरे, मी नाश्ता न करता आलोय," येसाजी सर म्हणाले. "हे बरं नव्हे."

सफुरा मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. तिला गुण कळत नव्हते. ती प्रत्येक कार्ड पंचांच्या टेबलाकडे जाताना भोकं बघायचा प्रयत्न करायची आणि शेजारच्यांना ढकलायची. छोट्या स्पर्धेत एक कार्ड झालं की लगेच गुण फळ्यावर लिहितात. पहिली दोन कार्डं झाली. हर्षला पुढे होती, नम्रता तिच्या मागोमाग. तिसऱ्या कार्डाला येसाजी सरांनी खिट्टी घातली आणि भिंग डोळ्याला लावलं.

सहदेव ताठ झाला. हर्षलाचे शिक्षक कमलेश सर टेबलाशी आले. सफुरानं डबा घट्ट धरला. नम्रताचं कार्ड होतं. नऊ आणि दहाच्या रेघेवरचं.

त्या क्षणी सफुराच्या मनात काय आलं ते तिनं पुढे हारूनला सांगितलं. तिला वाटलं, या अल्ला, हा कागद आज जरासा फाटला असता तर काय बिघडलं असतं? एक तंतू, एवढीच लव. मग वाद झाला असता, आणि वादात पोरीच्या बाजूनं कुणीतरी बोललं असतं. पण कागद फाटला नव्हता. येसाजी सरांनी कार्ड उजेडाकडे धरलं आणि तो गोल कवडसा टेबलावर पडला. भोक आणि रेघ यांच्यामध्ये काळ्याची केसाएवढी पट्टी स्पष्ट दिसत होती.

"नऊ," येसाजी सर म्हणाले. "कुणाला बघायचंय?"

कमलेश सरांनी बघितलं आणि मान हलवली. सहदेवनं बघितलं. शेवटी नम्रतानं वाकून बघितलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नऊच हाय, सर," ती म्हणाली. "पट्टी दिसतेय की." आणि वळून आपल्या जागी गेली. चहावाल्याला आत यायलासुद्धा वेळ मिळाला नाही, एवढ्यात सगळं संपलं.

सफुरा तिच्या हातांकडे बघत होती. नम्रतानं तळवे घासले नाहीत. रायफल उचलली, गाल टेकवला, श्वास सोडला. शेवटचं कार्ड टांगलं गेलं. एकेक छर्रा सुटत होता आणि सफुराला प्रत्येक वेळी आपल्याच छातीत टिचकी बसल्यासारखं वाटत होतं. कार्ड टेबलावर गेलं तेव्हा खिट्टी काढायची गरजच पडली नाही. भोकं सगळी आतच होती, दहाच्या नाही तर नऊच्या घरात स्वच्छ बसलेली. येसाजी सरांनी फळ्यावर आकडे लिहिले, बेरीज केली आणि खडू खाली ठेवला.

"काय झालं?" सफुरानं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. "पास का नापास? सांग ना गं!"

"हर्षला पहिली," बाई म्हणाली. "नम्रता दुसरी. पण गुण दोघींचेबी पुरले. दोघीबी जाणार राज्याला."

सफुरा उठली ती बाकं ओलांडूनच पुढे गेली. नम्रताला तिनं असं काही छातीशी धरलं की रायफल सहदेवला घाईनं काढून घ्यावी लागली.

"चाची," नम्रता ओढणीत तोंड खुपसून म्हणाली, "त्या नऊची मला भीती वाटत होती. पण दिसलं ना. दिसल्यावर संपलं."

"मला तर वाटलं होतं जरा फाटावा," सफुरा म्हणाली.

"मग मी आज बी हरले असते."

सफुरानं डोळे पुसले, मग टेबलाकडे वळली, आणि येसाजी सर अजून सही करत होते तरी त्यांच्या हाताखालनं ते नऊचं कार्ड ओढून कड बोटानं चाचपली. समाधान झालं तशी मान हलवली. येसाजी सर हसले. "पुढच्या वर्षी खोपोलीची स्पर्धा आहे, बाई. आम्हालाही हा कागद हवा."

"देईन," सफुरा म्हणाली. "पण बांधायला मी येणार नाय. आमच्या ह्यांनाच पाठवीन, ओढणीत गुंडाळून."

"मला ओढणीत?" हारूननं विचारलं.

"कागदाला. तुमाला गुंडाळायला घरातली चादर बी पुरायची नाय."

घरी येताना फौजीनं पेढे दिले, नम्रताच्या आईनं कशेळ्याहून पाठवलेली काकडी दिली, आणि झैदनं टोस्टांचा हिशोब नंतर करू म्हणून दम दिला. दुपार टळत आली होती. छापखान्याच्या पायरीवर मंडळाचा पोरगा केव्हापासून बसून होता, गुडघ्यांत मान घालून.

"चाची, पावतीपुस्तकं," तो म्हणाला.

सफुरानं शटर वर केलं. गठ्ठ्यातनं एक ताव काढला, दोन टोकांना धरून कानाजवळ नेला आणि हलवला. मग पंख्याचं बटण दाबलं, रॉकेलचा बोळा उचलला आणि रोलर पुसायला लागली.